टॉवरची भीती आणि उशीखालचा मोबाईल

मागच्या महिन्यात मोबाईल आणि रेडिएशनवर थोडं लिहिलं आणि प्रश्नांचा पूर आला, त्यातले जमतील तेवढे घेतो.

प्रश्न : शेजारच्या गच्चीवर टॉवर आलाय, तेव्हापासून डोकं दुखतं. घर विकावं का? (एक काकू, रामबाग, इंदूर)

काकू, घर बिलकुल विकू नका. टॉवरचा अँटेना टॉर्चसारखा समोर, जवळजवळ आडवा झोत फेकतो, अगदी खालच्या घरात त्यातलं फार थोडं येतं आणि अंतर दुप्पट झालं की जोर चौथाईवर. शिवाय आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे. तरी मनात किडा असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवर शोधा, फी भरून मोजणीही करून मिळते. आता गंमत ऐका, टॉवर जवळ असला की हातातला फोन हळू बोलतो, म्हणजे कमी जोर लावतो, आणि राजवाड्याजवळच्या एखाद्या तळघरातल्या दुकानात सिग्नलची एकच दांडी दिसत असताना तुम्ही अर्धा तास गप्पा मारता ना, तेव्हा तोच फोन पूर्ण जोर लावत असतो, आणि तो कानाला चिकटलेला असतो! म्हणून सिग्नल कमी असेल तर कॉल आटपा, नाहीतर स्पीकर किंवा इअरफोन लावा. डोकेदुखीसाठी मात्र डॉक्टरलाच दाखवा.

प्रश्न : फोनचा सार (SAR, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप) किती असावा?

भारतात मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. डायलवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की बऱ्याच फोनमध्ये आकडा दिसतो. पण तो पूर्ण जोरावर लॅबमध्ये मोजलेला असतो, म्हणून 0.8 चा फोन 1.2 वाल्यापेक्षा रोजच्या वापरात चांगला असेलच असं नाही. त्यावरून फोन बदलू नका.

प्रश्न : मग कॅन्सर होतो की नाही?

2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मोबाईलच्या लहरींना 'कदाचित कॅन्सर होऊ शकेल' वाल्या गटात टाकलं, त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे बरं. या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते, त्या थोडं गरम करतात इतकंच. 2024 मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यातही मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही.

प्रश्न : जेल रोडवरून अँटी-रेडिएशन स्टिकर घेतलं, लावू का?

काढा ते. एकतर ते काहीच करत नाही, आणि खरंच सिग्नल अडवत असेल तर फोन आणखी जोर लावेल. त्या पैशात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन काही खाल्लं असतं तर बरं झालं असतं भिया.

प्रश्न : बाबांना पेसमेकर आहे, आणि मुलगा फोन चार्जिंगला लावून उशीखाली घेऊन झोपतो.

बाबांना सांगा, शर्टाच्या खिशात फोन नको, पेसमेकरपासून निदान 15 सेंटीमीटर लांब आणि कॉल दुसऱ्या बाजूच्या कानाला. मुलाचं म्हणाल तर तिथे मला रेडिएशनपेक्षा बॅटरीची जास्त काळजी वाटते, गादीत उष्णता अडकते, बॅटरी फुगते, कधी पेटतेही. चार्जर आजच हॉलमध्ये नेऊन लावा, तो चिडला तर चिडू द्या.