लोनवर पाठवतायत म्हणजे क्लबला मी नको आहे का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 19, फुटबॉलमध्ये जागा सेंटर बॅकची, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूची. साडेसतराव्या वर्षी पहिला व्यावसायिक करार झाला. वरिष्ठ संघाकडून दोनच सामने, तेही शेवटची काही मिनिटं. आता क्लब खालच्या विभागातल्या एका संघाकडे हंगामभरासाठी लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून पाठवतोय, आणि अकादमीतला बरोबरीचा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल करणारा, मात्र दर आठवड्याला खेळतोय. मागे पडलो का?

नाही पडलास. वयाने बराच लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो. मी नऊ वर्षं खालच्या विभागांत सेंटर बॅक म्हणून खेळलो आणि त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षांच्या बचावपटूंना शिकवत आलोय. हंगाम संपला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतोच, आणि विचारताना बहुतेकांची नजर खाली असते.

आधी त्या स्ट्रायकरशी तुलना थांबव. संघ एका गोलने मागे असला की कोच सत्तराव्या मिनिटाला तरुण फॉरवर्डला आत पाठवतो. त्याने तीनदा चेंडू घालवला तरी कुणाच्या लक्षात राहत नाही, एकदा जमलं की त्याचं नाव सगळीकडे होतं. सेंटर बॅकला असं कुणी आत पाठवत नाही. मागची फळी जमलेली असली की कोच तिला हात लावत नाही, कारण शेजारचा केव्हा अर्धं पाऊल पुढे टाकेल हे त्या फळीतल्या खेळाडूंना न बघता कळतं. हल्ली एका सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात, तरी ते बदल बहुतेक पुढच्या खेळाडूंवरच खर्च होतात. तरुण बचावपटूची पाळी येते ती कुणी जखमी झालं किंवा लाल कार्ड मिळालं तर. म्हणजे अचानक, आणि आधीच विस्कटलेल्या फळीत. तुझ्या त्या काही मिनिटांवरून कुणी तुझी किंमत ठरवलेली नाही.

फ्रेंच सेंटर बॅक विल्यम सालिबाचा रस्ता बघ. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने त्याला 2019 च्या जुलैमध्ये घेतलं आणि लगेच सेंट एटिएनला, त्याच्या जुन्या फ्रेंच क्लबला, परत लोनवर दिलं. मग जानेवारी 2021 मध्ये नीस, त्यानंतर मार्सेय, हेही फ्रेंच क्लबच. आर्सेनलच्या वरिष्ठ संघाकडून त्याचा पहिला अधिकृत सामना झाला 5 ऑगस्ट 2022 ला, करारानंतर तीन वर्षांनी. त्याआधीच, मार्च 2022 मध्ये, तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून खेळून मोकळा झाला होता! मार्सेयच्या त्या हंगामात तो फ्रेंच लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला होता. पुढे 2023-24 मध्ये प्रीमियर लीगचे 38 च्या 38 सामने त्याने खेळले. डच सेंटर बॅक व्हर्जिल व्हॅन डाइक तर 19 व्या वर्षी विलेम टू हा क्लब सोडून ग्रोनिंगेन या दुसऱ्या डच क्लबला गेला आणि नेदरलँड्सच्या संघात पहिल्यांदा खेळला तेव्हा 24 वर्षांचा होता. सेंटर बॅक पाउ कुबार्सीसारखी पोरंही असतात, हे खरंच. बार्सिलोनाकडून तो पहिला सामना खेळला तेव्हा सतरावा वाढदिवस चार दिवसांवर होता. पण त्याच्या वेळापत्रकावर स्वतःला मोजू नकोस.

आता लोनच्या या वर्षात नेमकं मिळवायचं काय, ते सांगतो. युवा संघात तुझा वेग तुझ्या चुका झाकतो. चुकीच्या जागी उभा राहिलास तरी धावून गाठतोस. वरिष्ठ फुटबॉलमध्ये तेहतीस वर्षांचा स्ट्रायकर भेटतो, त्याला वेग नसतो, पण चेंडू हवेत असतानाच तो कंबर तुझ्यात रोवतो आणि तुझी उडी अर्ध्या क्षणाने चुकवतो. हे सरावात शिकवता येत नाही. मी जिवापाड प्रयत्न केलाय, नाही येत. ते सहा-सात सामने लागोपाठ पूर्ण नव्वद मिनिटं खेळल्यावर अंगात उतरतं.

चेंडू असलेल्या माणसावर दबाव नसेल तर मागे सर, त्याची मान खाली गेली किंवा पाठ वळली की फळी वर काढ, हा नियम तुला पाठ असेल. पण तो नव्वदाव्या मिनिटाला, दमलेल्या पायांनी आणि वयाने दहा-बारा वर्षं मोठ्या माणसाला ओरडून पाळायला लावायचा, ही वेगळी गोष्ट आहे. पोरं इथेच अडतात. मोठ्यांना हुकूम कसा सोडायचा म्हणून गप्प राहतात, आणि गप्प सेंटर बॅकवर कुठलाच गोलकीपर विश्वास टाकत नाही. शिवाय 2019 पासून गोलकीपरने मारलेल्या गोल किकचा चेंडू आपल्या खेळाडूला पेनल्टी बॉक्सच्या आतही घेता येतो. अंगावर दोघे धावून येत असताना, स्वतःच्या गोलसमोर तो पास घेऊन वळायचं धैर्य पाहिजे. तेही राखीव संघाच्या रिकाम्या मैदानावर येत नाही. ज्या सामन्याच्या निकालावर लोकांची नोकरी अवलंबून असते, तिथेच येतं.

आणि चुका होतील. माझ्या पहिल्या वरिष्ठ सामन्यात मी एका लांबून आलेल्या चेंडूला हेडर न करता, म्हणजे डोक्याने न मारता, टप्पा पडू दिला. चेंडू उसळून डोक्यावरून गेला, मागून आलेल्याने गोल केला, आम्ही 0-1 हरलो. स्ट्रायकरने संधी घालवली तर ती विसरली जाते, आपली चूक स्कोअरमध्ये लिहिलेली राहते. माझ्या शेजारचा सेंटर बॅक चौतीस वर्षांचा होता. गोलनंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पुढचा हेडर तुझाच आहे, मी येणार नाही." तो हेडर मी जिंकला. त्या वाक्याशिवाय मी त्या दिवशी उरलेला वेळ लपूनच खेळलो असतो.

म्हणून माझं मत, जा. पण सही करण्याआधी थोडं खोदून विचार. तुला तिथल्या कोचने मागितलंय की फक्त दोन क्लबच्या कार्यालयांनी आपसात ठरवलंय? कोचशी स्वतः फोनवर बोल. तुझ्या जागेवर आज कोण खेळतो आणि तो तंदुरुस्त आहे का? खेळवलं नाही तर हंगामाच्या मधल्या ट्रान्सफर काळात, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल होते तेव्हा, तुला परत बोलवायची सोय करारात आहे का? संघ तळाशी असेल तर घाबरू नकोस. ज्या संघावर सामनाभर हल्ले होतात तिथे बचावपटू एका हंगामात दोन हंगामांचं शिकतो.

एक गोष्ट बहुतेक पोरं विसरतात. तू अठरा पूर्ण व्हायच्या आधी सही केलीस, आणि फिफाच्या नियमानुसार अशा खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. दीड वर्ष गेलं. लोनवरून परतशील तेव्हा फार तर सहा-सात महिने उरतील, कदाचित तेवढेही नाहीत. जाण्याआधी मुदतवाढीचा विषय काढ. क्लबला तू खरोखर हवा असशील तर ते नवा करार देऊनच पाठवतील. तुझ्या मूळ प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर तुला त्या बैठकीत मिळेल, लोनच्या कागदातून मिळणार नाही.

आणि तिथला दुसरा सेंटर बॅक किती वर्षांचा आहे, तेही बघ. तिशी ओलांडलेला, बोलका जोडीदार मिळत असेल, तर बाकी एखादी अट सैल सोडायला मी तयार असेन.