नऊ नंबरची पळापळ

प्रिय बाय,

परवा म्हापशाच्या बसस्टँडवर तू डिचोलीची बस सोडलीस आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस. ग्लोव्ह पिशवीत कोंबलेला, मोजे लाल मातीने माखलेले. म्हणालीस, ‘टीचर, मी सॉफ्टबॉलच्या टीममध्ये आहे ती नऊ आकडा भरायला.’ माझी बस आली म्हणून मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर बस आली नसती तरी बोलले नसते. राग आला होता.

सगळा सीझन राइट फील्डला, मैदानाच्या उजव्या टोकाला काढलास, बॅटिंगही नववी. पावसाळाभर हॉलमध्ये सराव. चवथ उलटल्यावर मैदान मिळालं, तेही फुटबॉलवाल्यांचं आटोपल्यावर, त्यांच्याच गोलसमोर चुन्याच्या रेषा मारून. हे सगळं मी पाहिलंय, त्याचं रडगाणं नको. मला एकच सांग, शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली, फर्स्ट बेसला थ्रो करते तेव्हा तू कुठे असतेस?

दोन मॅचना स्कोअरबुक माझ्या मांडीवर होतं, त्यामुळे उत्तर मीच देते. जागेवर असतेस. कमरेवर हात ठेवून.

इनफिल्डमध्ये, बेसांच्या आसपास, जमिनीवरून बॉल गेला की नऊ नंबरने, म्हणजे राइट फील्डवालीने, पळायचं. फर्स्ट बेसच्या मागे, फाउल लाइनच्या पलीकडे, थ्रोच्या रेषेत. दर वेळी. थ्रो नीट पोहोचला तर मुकाट परत यायचं आणि पुढच्या बॉलला पुन्हा पळायचं. बहुतेक फेऱ्या फुकटच जातात. पण बेस अवघ्या ६० फुटांवर. बॅटर तीन-साडेतीन सेकंदांत पोहोचते, म्हणजे शॉर्टस्टॉपला घाईतच फेकावं लागणार, आणि घाईतला थ्रो कधी ना कधी सुटणारच. म्हणून पळायचं.

टोकियोची फायनल बघ. २७ जुलै २०२१, योकोहामाचं मैदान, जपान विरुद्ध अमेरिका. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या दोघी बेसवर. जोरात मारलेला बॉल थर्ड बेसमनच्या हाताला लागून उडाला आणि मागे शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने तो हवेतच झेलला. लगेच सेकंडला थ्रो, डबल प्ले, एका बॉलवर दोघी आउट. जपान २-० ने जिंकलं. लोक म्हणाले, नशीब. अगं, बॉल थर्डकडे चाललाय, आपला नव्हे, असं म्हणून ती उभी राहिली असती तर कसलं नशीब नि कसलं काय!

आता माझं ऐक. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मीही राइट फील्डलाच होते, आणि तुझ्यासारखीच फुगलेली. फायनलची सातवी इनिंग, आम्ही एका रनने पुढे, दोन आउट, सेकंड आणि थर्डवर रनर. बॉल सरळ आमच्या शॉर्टस्टॉपकडे गेला. तिने घेतला, फेकला, आणि मी आनंदाने हात वर केले. जागेवरूनच. थ्रो फर्स्टच्या डोक्यावरून गेला आणि चिऱ्यांच्या कट्ट्यापर्यंत घरंगळत राहिला. दोन्ही रनर होमला, म्हणजे दोन रन. पहिला रन गेलाच असता. दुसरा मी अडवू शकले असते, कारण अडवायला तिथे मीच असायला हवी होते.

स्कोअरबुकात काय लागलं? ई-६. एरर सहा नंबरचा, म्हणजे शॉर्टस्टॉपचा. नऊ नंबर पळाली नाही, हे लिहायला त्या पुस्तकात चौकटच नाही.

त्या मुलीने पुन्हा ग्लोव्ह घातला नाही. म्हार्दोळच्या जत्रेत अधूनमधून भेटते. गेल्या खेपेला खाज्याची पुडी माझ्यापुढे धरून हसत म्हणाली, ‘माझ्या एका थ्रोने घालवली गं आपली फायनल.’ मी खाजं घेतलं. चावत राहिले. इतक्या वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही.

पुढे मुलींना शिकवायला लागले तेव्हा बॅकअपला न पळणारीला मी सरळ बाहेर बसवायची. बॅटिंग कितीही चांगली असो. एक अशीच चांगली बॅटर त्यापायी खेळ सोडून गेली, तिच्या आईने मला मैदानावर सगळ्यांसमोर झापलं. मला आजही ती माझी चूक वाटत नाही. सात इनिंग पळायचं एवढंच तर मागत होते! बरं, आवाज चढवायला नको होता. तेवढं कबूल.

आणि राइट फील्ड म्हणजे अडगळ, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? डावखुरी बॅटर ओढून मारायला लागली की बॉल तुझ्याकडेच येतो. आपलं मैदान लहान, तू चार पावलं पुढे उभी राहिलीस तर सिंगल समजून रमतगमत पळणारीला फर्स्टवरच आउट करशील. नऊ-तीन, म्हणजे राइट फील्डकडून फर्स्टला. असा आउट लिहिताना माझं पेन जरा जास्तच दाबलं जातं.

टीम सोडायची की नाही ते तुझं तू ठरव, मी समजूत घालणार नाही. पण शनिवारी साडेचारला मैदानावर ये. फुटबॉल चालू असला तर कडेला जागा काढू. मी शॉर्टवरून मुद्दाम वाकडे थ्रो टाकीन. खांदा दुखतो हल्ली, पण वाकडं टाकायला खांदा कशाला हवा? तू राइटवरून पळत यायचं. वीस वेळा. मधल्या काही वेळा मी नीट फेकीन, तेव्हाही यायचं.

मोजे आज रात्रीच भिजत घाल. ती माती सुकली की निघता निघत नाही.

तुझी,
टीचर