चॅटबॉटकडून कोड घेताना सुरुवातीला एवढंच

प्रॉम्प्टच्या (चॅटबॉटला लिहून दिलेल्या सूचनेच्या) क्लृप्त्या शोधत बसू नका, त्याविनाही छान काम होतं.

नुसतं 'चालत नाही' असं लिहू नका. पूर्ण एरर मेसेज, स्टॅक ट्रेस (चूक कोडच्या कुठल्या ओळींतून आली ती यादी), लायब्ररीची आवृत्ती आणि चूक दाखवणारा छोटासा कोड द्या. आवृत्ती सांगितली नाही, तर चॅटबॉट केव्हाच काढून टाकलेलं फंक्शनही बिनदिक्कत सुचवू शकतो. कधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेजही सुचवतो, आणि त्याच नावाने कुणी घातक पॅकेज चढवून ठेवलेलं असू शकतं. इन्स्टॉल करण्याआधी अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये नाव तपासाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एका दमात अख्खं मॉड्यूल मागतात. एकेक फंक्शन मागा, वाचा, टेस्ट चालवा, कमिट करा (गिटसारख्या साधनात बदल नोंदवून ठेवा), मग पुढचं.
- पासवर्ड, एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली), ग्राहकांचा डेटा तसाच चिकटवतात. कंपनीचा कोड द्यायची परवानगी आहे का, तेही आधी विचारा.
- एकाच चुकीवर वाद घालत राहतात. दोन-तीन दुरुस्त्या फसल्या की नवं चॅट उघडा; जुनी चुकीची उत्तरं त्याला पुन्हा तिकडेच ओढतात.

टेस्टही त्याच्याकडूनच लिहून घेतल्या, तर अपेक्षित उत्तरं स्वतः तपासा. कोडमधली चूकच बरोबर धरून तो कधीकधी टेस्ट पास करून दाखवतो. एजंट (स्वतःच फाइली बदलणारी, कमांड चालवणारी एआय साधनं) वगैरे प्रकरणं तूर्तास राहू द्या.