आमच्या शिवारात हरणं आता दिवसा दिसत नाहीत, रात्रीच पिकात येतात. शिकारीमुळे असं होतं का?

हो, होऊ शकतं. मराठवाड्यात आपण हरीण म्हणतो ते बहुतेक काळवीट. मुळात हा दिवसा, उघड्या माळावर चरणारा प्राणी. लपणं त्याला जमत नाही. नजर आणि पळ यांवरच त्याची भिस्त. म्हणून त्रास वाढला की तो दाट झाडीत न शिरता वेळ बदलतो. दिवसभर पडीक माळावर लांब नजर जाईल अशा जागी बसून राहतो आणि अंधार पडल्यावर हरभऱ्यात उतरतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांतही शिकारीच्या हंगामात असंच दिसतं.

शिकारीची दुसरी खूण म्हणजे बुजण्याचं अंतर, म्हणजे धोका किती लांब असताना कळप पळतो ते. बैलगाडी किंवा चालतं ट्रॅक्टर जवळून गेलं तरी कळप मान वर करून पुन्हा चरायला लागतो. पण जीप थांबून दार वाजलं, की आधी एक मादी टुणकन उंच उडी मारते आणि मागोमाग सगळा कळप पसार! जिथे गाडीतून शिकार होते, तिथे गाडी लांबवर थांबली तरी हे घडतं.

मात्र सगळं खापर शिकाऱ्यांवर फोडू नका. मोकाट कुत्री आणि पिकाची राखणही तेच करतात. विशेषतः कुत्री, कारण माद्या पाडसांना गवतात लपवून चरायला जातात आणि ती पाडसं कुत्र्यांना सापडू शकतात.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. रात्री माळावर सर्चलाइट फिरताना दिसला, तर १९२६ वर वनविभागाला कळवा. स्वतः मागे जाऊ नका.