कानातला हेडफोन आणि रात्री बाराचे जेवण

‘मुलगा दिवसभर कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसतो, हाक मारली तर ओ देत नाही, खाणेही तिथेच, त्याचे काही बिनसले तर नाही ना?’ घरून काम करणारे प्रोग्रामर सांगलीत वाढल्यापासून ही काळजी माझ्याकडे वारंवार येते. विश्रामबाग भागातील एक आई हाच प्रश्न घेऊन आल्या आणि पुढच्या भेटीला मुलालाही घेऊन आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सवयींवरून आजार ठरवता येत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन जवळजवळ रोज उदास असणे, आवडत्या गोष्टींतला रस जाणे, झोप, भूक आणि काम बिघडणे, असे एकत्र दिसू लागले तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. हा मुलगा कामात चोख होता, रविवारी मित्रांबरोबर क्रिकेट खेळत होता आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलत होता. तक्रार एवढीच की रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि छातीत जळजळते. त्याला मी आठवडाभर साधी नोंद ठेवायला सांगितले: वेळ, काम, कानात काय, पोटात काय.

त्या वहीतल्या तीन ओळी अशा होत्या: ‘११.१०, दुसऱ्याचा कोड वाचला, गाणी बंद.’ ‘३.४०, टेस्ट लिहिल्या (म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम), जुनी मराठी गाणी.’ ‘५.००, हेडफोन लावला, आत काहीच नाही.’ पहिल्या दोन ओळींतले शहाणपण त्याला अनुभवानेच आले होते, कारण अवघड मजकूर समजून घेताना कानावर पडणारे शब्द लक्ष विभागतात, तर हात बसलेल्या कामात त्यांचा फारसा अडथळा होत नाही. तिसऱ्या ओळीचा अर्थ मात्र मला विचारावा लागला. दोन खोल्यांच्या घरात त्या वेळी टीव्हीवरची मालिका, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या काकू हे सगळे एकदम सुरू असते, आणि त्याच्या जागेला दार नाही; म्हणून हेडफोन हेच त्याचे दार. हे ऐकताच आई म्हणाल्या, “म्हणजे मी हाका मारते तेव्हा याला सगळं ऐकू येत असतं?” मुलगा ओशाळून हसला. हेडफोन गळ्यात असेल तेव्हा बोलायचे आणि कानावर असेल तेव्हा चिठ्ठी ठेवायची, हा तोडगा त्या दोघांनीच काढला.

‘पोटात काय’ हा रकाना अधिक बोलका निघाला. सात-आठ कप चहा, येता-जाता भडंग (सांगलीकराला भडंग सोडायला सांगण्याचे धाडस मी करत नाही), रात्री नऊला कडक कॉफी आणि अमेरिकेतल्या ग्राहकाशी होणाऱ्या बैठका आटोपल्यावर बाराला जेवण. कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे नऊच्या कॉफीतले निम्मे दोन वाजताही अंगात असणार, त्यात भरल्या पोटी लगेच आडवे होणे. शिवाय जी गोष्ट वहीत नव्हती ती मी आईंना विचारली: तुम्ही कधी जेवता? मुलासाठी त्याही बारापर्यंत उपाशी थांबत होत्या, आणि त्यांच्या रागाचा मोठा भाग या भुकेतून येत होता.

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. बैठकीआधीच, सहाला, दोघांनी भाजी-भाकरी खाऊन घ्यावी असे मी सुचवले, तेव्हा “दिवेलागणीच्या आधी कोण जेवतं?” असे आईंनी विचारले आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, की शेजारचे जैन कुटुंब रोज सूर्यास्तापूर्वीच जेवते. बैठकीनंतर भूक लागली तर दूध किंवा केळे, आणि दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, एवढेच बदल आम्ही ठरवले. जळजळ तरीही राहिली तर डॉक्टरांना दाखवायचे होते. ती वेळ आली नाही, आणि महिन्याभरात झोप साडेबारापर्यंत लागू लागली.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे गेली आणि बैठक साडेसातला सुरू होऊ लागली. जेवण आता सातला न्यायचे का, असे विचारायला आईंचा फोन आला. ते मुलालाच विचारा, असे मी त्यांना सांगितले.