कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर दिवसाला मोजकीच विमानं उतरतात. एवढ्या थोड्या फेऱ्यांच्या माहितीवरून विमानांची सुरक्षितता खरंच सुधारते का?

हो, सुधारते, फक्त अपघात मोजून नाही, तर अपघातापर्यंत न पोचलेल्या बारीक घटना मोजून. अपघात इतके विरळ असतात की त्यांच्यावरून कोल्हापूरसारख्या विमानतळाला काहीच शिकता येत नाही. उलट प्रत्येक फेरीत विमानातला रेकॉर्डर वेग, उंची, खाली येण्याचा दर, फ्लॅप्सची (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांची) स्थिती असं सगळं टिपत असतो. ढगांतून उतरताना साधारण १००० फुटांवर आणि हवा स्वच्छ असेल तर ५०० फुटांवर विमान स्थिर असावं, म्हणजे वेग, दिशा आणि खाली येण्याचा दर ठरल्याप्रमाणे असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो किती वेळा मोडला, जून ते सप्टेंबरच्या पावसात जास्त मोडला का, हे या नोंदींत दिसतं. फेऱ्या कमी असल्या तरी विमान कंपनी तीच मोजपट्टी सगळ्या विमानतळांना लावते, म्हणून इथलं वेगळेपण कळतं.

विमानतळाने स्वतः ठेवायच्या नोंदी:
- पक्षी धडकला किंवा जवळून गेला: वेळ, धावपट्टीवरची जागा, पक्ष्याची जात (पक्षी-धडकांचा दर सहसा १०,००० उड्डाण-अवतरणांमागे काढतात; इथे एका घटनेनेही तो उसळतो, म्हणून जागा आणि वेळ जास्त बोलतात)
- धावपट्टीवर साचलेलं पाणी, कुत्री, सुटे दगड

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं सुरक्षितता व्यवस्थापनाबद्दलचं परिशिष्ट १९, जे २०१३ पासून लागू आहे, अशाच माहितीवर उभं आहे. मात्र प्रामाणिक चूक कळवणाऱ्याला शिक्षा झाली, की पुढच्या महिन्यापासून नोंदी येणंच बंद होतं.