गटाचे प्रश्न : बैठकीला पाच जणी, कर्ज तिघींना

प्रश्न : आम्ही बारा जणी महिन्याला 200 रुपये बचत करतो. दीड वर्ष झालं. आता बैठकीला पाच-सहाच जणी येतात, बाकीच्या बचत मुलाबरोबर पाठवून देतात. कर्ज मात्र ठरावीक तिघीच उचलतात. गट मोडावा का?

उत्तर : मोडू नका, ताई. आधी बैठक दुरुस्त करा. 2,400 रुपये दरमहा म्हणजे 18 महिन्यांत निव्वळ बचतच 43,200 झाली. एवढा पैसा कुणाकडे आहे हे निम्म्या बायकांना धड माहीत नसेल, तर कुजबुज होणारच. बचत घरून पाठवायची पद्धत पडली की बैठकीला यायचं कारणच उरत नाही. मग कर्जाचा निर्णय ओट्यावर होतो आणि वहीत नंतर चढतो. तुमच्या गटाचं खरं दुखणं हेच आहे.

पुढच्या बैठकीपासून क्रम पक्का करा : हजेरी, मागचं इतिवृत्त वाचणं, बचत, परतफेड, मग कर्जमागणी. पैसे सगळ्यांसमोर मोजा, आकडा मोठ्याने सांगा, रोकडवहीत तिथल्या तिथे लिहा आणि त्याखाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे ठेवा. घरून आलेली बचत घ्या, पण हजेरी लावू नका. सलग तीन गैरहजेरी झाल्या तर कर्जाचा नंबर मागे जाईल, असा ठराव करा. दंडापेक्षा हा नियम जास्त लागू पडतो. वेळही तपासा : कापणीच्या दिवसांत दुपारी तीनला कोण येणार?

कर्जासाठी नियम एकच ठेवा. ज्यांनी अजून एकदाही घेतलं नाही, त्यांची मागणी आधी. जुनं फिटल्याशिवाय नवं नाही. दवाखान्याची गरज मात्र या नियमाबाहेर ठेवा. व्याज शिल्लक मुद्दलावरच लावा. दरमहा शेकडा 2 रुपये दराने 5,000 रुपये दहा मासिक हप्त्यांत फेडले, तर एकूण व्याज 550 होतं. तेच दर महिन्याला पूर्ण 5,000 वर धरलं, तर 1,000. गरीब बाई कर्जाला घाबरते ती पुष्कळदा या दुसऱ्या हिशेबामुळे, आणि मग पैसा त्या तिघींकडेच फिरत राहतो.

बँकेच्या कर्जालाही हाच कारभार लागतो. बँक पंचसूत्री पाहते : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि अद्ययावत हिशेब, किमान सहा महिन्यांचे. वह्या एकाच वेळी बसून भरलेल्या असल्या तर शाई आणि अक्षरावरून ओळखू येतं.

प्रश्न : एक सदस्य गट सोडतेय, तिच्याकडे 3,000 बाकी आहे.

उत्तर : तिची बचत आणि वाटणीचा नफा यातून 3,000 व थकलेलं व्याज वजा करा, उरलेली रक्कम द्या, इतिवृत्तात तिची सही घ्या. बँकेचं कर्ज चालू असेल तर ती जबाबदारी साऱ्या गटाची असते. म्हणून आधी तिच्या वाट्याचा हिशेब चुकता करून घ्या. सदस्य दहाच्या खाली जात असतील तर तिच्या जागी नवी सदस्य लगेच घ्या. दुर्गम भागातले आणि अपंगांचे गट पाच जणांतही चालतात.